हेडटॉर्च लावली होती, तरी खड्डा का दिसला नाही?

पहाटेचे पाच वाजलेत. मेढ्याच्या बाहेर शेतांमधून जाणाऱ्या एका पाणंदीवर पाच-सहा दिवे वरखाली हलत पुढे सरकतायत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी गव्हाला पाणी द्यायला निघालंय. जवळ आल्यावर कळतं, ही भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी आहेत. डोक्याला पट्टा, पट्ट्यावर दिवा आणि पायात बूट.

त्यांच्यात माझी चुलत बहीणही होती. ‘होती’ म्हणते, कारण मागच्या हिवाळ्यात मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आलेली असताना याच वाटेवर तिचा पाय मुरगळला. घोट्याचं लिगामेंट दुखावलं, चाचणी हुकली. पोलीस भरती दरवर्षी ठरल्या तारखेला निघत नाही. वय मात्र दरवर्षी एकाने वाढतं. ज्यांच्या घरात कुणी भरतीची तयारी केली आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मी तिला विचारलं, “बॅटरी उतरली होती का?”

“नाही गं ताई, लाइट चांगला होता की. नवीनच बॅटरी होती. समोर सगळं सपाटच दिसत होतं.”

तिचं हे उत्तर माझ्या डोक्यात बसलं. उजेड भरपूर, खड्डा वीतभर खोल, डोळे एकविशीचे. मग खड्डा दिसला का नाही? इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी कामी यावीत म्हणून मी याच्या मागे लागले. उत्तर सापडलं, आणि ते तिच्यापुरतंच नाही. अंधारात कच्च्या वाटेवर धावणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं.

मुळात अंधारात धावायचंच कशाला?

हा प्रश्न घरात बसून विचारायला सोपा आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवायला सात वाजून जातात. कॉलेज, शेतातली कामं, दुकानातली नोकरी हे सगळं त्यानंतर सुरू होतं. संध्याकाळी घरी येईपर्यंत पुन्हा अंधार. धावायला उरते ती पहाट.

पण रस्त्यावर का धावत नाहीत? कारण रस्ता सर्वांत धोकादायक आहे. डोंगरी तालुक्यातले रस्ते अरुंद, कडेला पदपथ नाही, वळणावर समोरचं दिसत नाही. पहाटे दुधाचे टेम्पो, पहिली एसटी, डंपर आणि रात्रभर गाडी चालवून पेंगुळलेले चालक, सगळे एकाच वेळी रस्त्यावर असतात. पाणंदीवर पडलात तर घोटा जातो. रस्त्यावर गाडीने उडवलं तर जीव जातो. म्हणून कच्ची वाट निवडणारी पोरं माझ्या मते शहाणी आहेत. ‘अंधारात धावू नका’ हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. अंधारात कसं धावायचं, हे त्यांना सांगायला हवं.

दुसरा गट हौशी धावपटूंचा. २०१२ मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि यवतेश्वरचा घाट धावपटूंच्या नकाशावर आला. पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले जोडणारी डोंगरवाटेची शर्यत होते. जगात पाहिलं तर २००३ पासून होणाऱ्या मॉन्ट ब्लांकच्या सुमारे १७० किलोमीटरच्या शर्यतीत धावपटूंना डोंगरात रात्र काढावीच लागते, आणि तिथे डोक्याचा दिवा सक्तीच्या सामानात मोडतो. त्यामुळे शनिवार-रविवारी हेडटॉर्च लावून आपल्या डोंगरांत शिरणारे वाढले आहेत.

आणि तिसरा, सर्वांत जुना गट शेतकऱ्यांचा. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला येते म्हणून डोक्याला बॅटरी लावून बांधावर फिरणारा शेतकरी हा ट्रेल रनिंगच्या कितीतरी आधीपासून हेडटॉर्च वापरतोय. फरक इतकाच की तो चालतो, हातात काठी ठेवतो आणि वाट त्याच्या पायाखालची असते.

आजोबा कंदील गुडघ्यापाशी का धरायचे?

आता खड्ड्याकडे येऊ. आपल्याला जमिनीवरचा दगड किंवा खड्डा दिसतो तो मुख्यतः त्याच्या सावलीमुळे. सावली नसेल तर मुरमाच्या वाटेवर मुरमाच्याच रंगाचा दगड नजरेला वेगळा काढता येत नाही.

हेडटॉर्च कपाळावर असते, म्हणजे डोळ्यांच्या अगदी जवळ. दिव्याचा किरण आणि आपली नजर जवळजवळ एकाच रेषेत जातात. त्यामुळे दगडाची सावली बरोबर दगडाच्या मागे पडते आणि दगडच ती आपल्यापासून लपवतो. खड्ड्याचंही तसंच. खड्ड्याचा जेवढा तळ आपल्याला दिसू शकतो, तेवढा सगळा उजळलेला असतो. काळं काहीच दिसत नाही, म्हणून सगळं सपाट वाटतं.

हिशेब करून बघा. तुमच्यापुढे पाच मीटरवर पाच सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. दिवा कपाळावर असेल तर त्याची तुम्हाला दिसणारी सावली शून्य. तोच दिवा कमरेला, म्हणजे जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर आणला, तर सावली जवळपास ३० सेंटिमीटर लांब पडते आणि तिचा बारा-तेरा सेंटिमीटरचा काळा पट्टा तुम्हाला दगडामागे स्पष्ट दिसतो. दिवा गुडघ्याच्या उंचीवर आणला तर सावली साठ सेंटिमीटरच्या पुढे जाते.

माझे आजोबा रात्री वस्तीवर जाताना कंदील गुडघ्यापाशी धरायचे. लहानपणी मला वाटायचं, हात दुखत असेल म्हणून खाली सोडलाय. त्यांनी भूमिती शिकली नव्हती. पण वर धरलेल्या उजेडात ठेच लागते, हे पायांनी शिकवलं होतं.

याची उलट बाजूही माझ्या घरातलीच. बहिणीच्या काळजीने काका काही दिवस मोटरसायकल घेऊन तिच्या मागे मागे जायचे, हेडलाइट चालू ठेवून. हेतू चांगला. परिणाम असा की तिचीच लांबलचक सावली तिच्या पुढे पडायची आणि पाय नेमका त्या काळ्या पट्ट्यात पडायचा.

उपाय स्वस्त आहे. हेडटॉर्चचा पट्टा ढिला करून ती कमरेला बांधा, किंवा कपाळावर मंद दिवा ठेवून हातात दुसरी छोटी टॉर्च धरा. नुसती कपाळावरचीच वापरायची असेल तर सपाट दिसणारी वाट सपाट आहे असं समजू नका.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे?

ऑनलाइन हेडटॉर्च घेताना आपण एकच आकडा बघतो, लुमेन. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एका ठिकाणी पडतो की चहूकडे पसरतो, हे त्यातून कळत नाही. शिवाय अंतर वाढलं की उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट तर उजेड पाव. म्हणजे दुप्पट लांबचं तितकंच स्पष्ट दिसायला चौपट ताकदीचा दिवा लागतो.

‘पल्ला १०० मीटर’ या दाव्याचीही गंमत आहे. टॉर्च मोजण्याचं जे मानक चांगल्या कंपन्या वापरतात, त्यात उजेड पाव लक्सपर्यंत उतरतो ते अंतर म्हणजे पल्ला. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. शंभर मीटरवर चांदण्याइतका उजेड पडतो, एवढाच त्याचा अर्थ. तिथला दगड दिसेल असं कुणीही म्हटलेलं नाही. उजेड किती तास चालेल, याचीही तीच कथा. त्या मानकात सुरुवातीच्या उजेडाचा फक्त दहावा हिस्सा उरेपर्यंतचा वेळ मोजतात. खोक्यावर सहा तास लिहिलं असेल तर सहाव्या तासाला तुमच्याकडे एक दशांश दिवा असू शकतो. आणि मानकाचा उल्लेखच नसलेल्या, हजारो लुमेनचा दावा करणाऱ्या स्वस्त टॉर्चबद्दल तर बोलायलाच नको.

मेढ्यासारख्या भागात एक गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे पाणी. वर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आपलं खोरं त्याच्याच कुशीत आहे. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारी. पावसाळ्यात धावणार असाल तर आधी हा आकडा बघा, लुमेन नंतर.

किती वेगाने धावलं तर चालेल?

माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम हाच आहे. जेवढं नीट दिसतं, त्याच्या पुढे धावू नका. गाडीच्या हेडलाइटला लागू होणारा नियम पायांनाही लागू होतो.

समोरची अडचण ओळखणं, पाऊल बदलायचं ठरवणं आणि ते प्रत्यक्ष बदलणं, यासाठी दोन सेकंद हाताशी असावेत असं धरू. कच्च्या वाटेवर किलोमीटरला सात मिनिटं या सावकाश गतीने तुम्ही सेकंदाला साधारण २.४ मीटर जाता. दोन सेकंदांत पाच मीटर. चांगली टॉर्च पाच मीटरपर्यंतची जमीन व्यवस्थित दाखवते. इथपर्यंत ठीक.

आता भरतीचा वेग घ्या. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण धावण्याच्या एकाच प्रकाराला आहेत. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८००. तीन मिनिटांत ८०० मीटर म्हणजे सेकंदाला जवळपास साडेचार मीटर. दोन सेकंदांत नऊ मीटर. आणि नऊ मीटरवर त्याच दिव्याचा उजेड पाच मीटरवरच्या उजेडाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतो. वर डोकं हलत असतं, दम लागलेला असतो, लक्ष घड्याळाकडे असतं.

माझी बहीण त्या दिवशी वेळ लावूनच धावत होती. त्या वेगाला पुरेल असं त्या दिव्यात दिसतच नव्हतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सावकाश, लांब पल्ल्याचं धावणं हेडटॉर्चवर करा. वेगाचा सराव अंधारात कच्च्या वाटेवर करू नका, दिवा कितीही महागाचा असो.

डोळ्यांचं आणि धुक्याचं काय?

आपल्या डोळ्याला अंधार पूर्ण सवयीचा व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. ही सवय एका प्रखर झोताने काही सेकंदांत मोडते. समोरून येणाऱ्याशी बोलताना तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघता, म्हणजे तुमची हेडटॉर्चही त्याच्या डोळ्यांत बघते. तो माणूस पुढे बराच वेळ आंधळ्यासारखा चालतो. कुणी समोर आलं की दिवा खाली वळवा किंवा हाताने झाका. ही साधी माणुसकी आहे. लाल दिव्याची सोय असेल तर थांबल्यावर, नकाशा बघताना ती वापरा. लाल उजेडाने अंधाराची सवय फारशी मोडत नाही.

धुक्यात तर कपाळावरचा दिवा शत्रूच. पाण्याच्या बारीक थेंबांवरून उजेड परतून थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी दिवा मंद करा, कमरेखाली आणा आणि चाला. धुक्यात धावण्यात शौर्य नाही.

वाटेवर आणखी कोण असतं?

ही वाट फक्त आपली नाही. जावळी तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग कोयना अभयारण्याला लागून आणि त्यात आहे. हे अभयारण्य २०१० मध्ये जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा हिस्सा आहे. गवा, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर हे इथले रहिवासी आहेत आणि त्यांच्यातले बरेच जण रात्रीच हिंडतात.

गवा, बिबट्या, कुत्रा यांच्या डोळ्यांत मागे एक परावर्तक पडदा असतो, म्हणून टॉर्चच्या उजेडात त्यांचे डोळे चमकतात. चमकणारी जोडी दिसली की थांबा, पाठ फिरवून पळू नका, आवाज न करता मागे सरका. गवा दिसायला संथ असतो, पण मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. त्याला वाट देणं हाच शहाणपणा. गवतात हिऱ्यासारखे बारीक ठिपके चमकले तर घाबरू नका, ते बहुतेक कोळ्याचे डोळे असतात.

सापाचे डोळे मात्र असे चमकत नाहीत. मण्यार, घोणस, फुरसे हे प्रामुख्याने रात्रीचे. घोणस तर पाचोळ्यात न हलता पडून राहते आणि तिच्या रंगामुळे उजेडातही दिसत नाही. चालणाऱ्याची चाहूल लागून साप बाजूला होतो, धावणारा मात्र त्याच्यापर्यंत फार लवकर पोहोचतो. म्हणून गवत वाढलेली वाट टाळा, पायाखालची जमीन दिसेल अशीच वाट निवडा. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय स्थिर ठेवून १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालतं.

हौशी धावपटूंना एक वेगळी विनंती. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, मग तुमचं जीपीएस घड्याळ तिथे कितीही सुंदर वाट दाखवो. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली माती इंचभर खोल आणि फुलं त्याहून नाजूक. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत काजवे चमकतात ते जोडीदाराला हाक देण्यासाठी. पन्नास जणांच्या हेडटॉर्च त्या हाकेवर पडदा टाकतात. एका रीलसाठी एवढी किंमत नको.

मग माझं म्हणणं काय?

दोन गोष्टी. एक धावणाऱ्यांसाठी, एक आपल्या सगळ्यांसाठी.

धावणाऱ्यांसाठी : हेडटॉर्च हे वाट बघण्याचं साधन आहे, वेग वाढवण्याचं नाही. ती कमरेला आणा, वाट दिवसा पाहून ठेवा, आणि घाई त्या वाटेवर आणू नका.

आपल्या सगळ्यांसाठी : हा प्रश्न नुसत्या टॉर्चने सुटणार नाही. सातारा जिल्हा सैनिकांचा म्हणून आपण अभिमानाने सांगतो. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झालं, अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ लागलं. मग इथल्या तालुक्यांच्या गावांत भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पहाटे दोन तास सपाट, उजेडाचं मैदान मिळणं, ही काही मोठी मागणी नाही. नवीन क्रीडासंकुलाची वाट बघायला नको. शाळा-कॉलेजांची मैदानं आहेत. पहाटे पाच ते सात फाटक उघडं ठेवायचं, चार खांबांवर खाली झुकवलेले दिवे लावायचे आणि सात वाजता ते बंद करायचे.

‘विजेचं बिल कोण भरणार?’, ‘काही झालं तर जबाबदारी कुणाची?’ हे आक्षेप येतील. ते खोटे नाहीत. बिलाचा भार पालिका, संस्था आणि माजी विद्यार्थी वाटून घेऊ शकतात, वापरणाऱ्यांची नोंदवही ठेवता येते. पण जबाबदारीचा प्रश्न आजही आहेच. फाटक बंद ठेवल्याने पोरं धावायची थांबत नाहीत, ती रस्त्यावर किंवा पाणंदीवर जातात. मैदानावर पडलं तर जबाबदारी कुणाची, असं विचारणाऱ्यांनी रस्त्यावर गाडीखाली गेलं तर कुणाची, हेही विचारावं.

मुलींसाठी तर ही गरज दुप्पट. माझ्या बहिणीच्या गटातल्या दोघींनी पहाटेचं धावणं सोडलं. पाय शाबूत होते त्यांचे. सोबतीला रोज कोण उठणार, हा प्रश्न होता. उजेडाच्या मैदानावर वीस जण एकत्र असतात, तिथे काकांना मोटरसायकल काढावी लागत नाही.

उद्या पहाटे निघण्याआधी

– वाट आदल्या दिवशी उजेडात चालून बघा. चाकोऱ्या, ओघळी, तारेची कुंपणं लक्षात ठेवा.
– एकटे जाऊ नका. कुठे जाताय, किती वाजता परताल, हे घरी सांगा.
– टॉर्च पूर्ण चार्ज करा, शिवाय खिशात दुसरी छोटी टॉर्च ठेवा. मोबाइलचा दिवा हा पर्याय नाही, तो फोन करण्यासाठी राखा.
– दोन्ही कानांत इअरफोन नकोत.
– रस्ता ओलांडावा लागत असेल तर अंगावर चमकणारी पट्टी हवीच. तुम्हाला दिसतं म्हणजे चालकाला तुम्ही दिसता, असं होत नाही.
– घोटा मुरगळला तर ‘चालून मोकळा होईल’ म्हणत धावू नका.

बहिणीने दोन महिन्यांपूर्वी पुन्हा धावायला सुरुवात केली आहे. टॉर्च आता कमरेला असते. पाणंदीवर ती सावकाश धावते आणि वेगाचा सराव रविवारी, उन्हं आल्यावर करते. आठवड्यातून एकच दिवस. तेवढ्याने ८०० मीटरची वेळ खाली येईल का, हे तिला माहीत नाही आणि मलाही नाही. परवा घरी गेले होते तेव्हा पहाटे तिच्यासोबत निघाले. कमरेच्या उजेडात तो खड्डा लांबूनच दिसला, काळा आणि स्पष्ट. तिने काही न बोलता पाऊल बाजूला घेतलं. माझं लक्ष मात्र पलीकडच्या मैदानाकडे गेलं. फाटकाला कुलूप होतं.